पोहणाऱ्यांचं पाणी, डुंबणाऱ्यांचं पाणी

नागपूरच्या वॉटर पार्कच्या पहिल्या आराखड्यात प्राण्यांची यादी लांबलचक होती. डॉल्फिनचा खेळ, मकाव, कासवांचं तळं, ससे, पायाला मासे लावून घ्यायचं फिश स्पा. गेट उघडलं त्या दिवशी यातलं एकही आवारात नव्हतं. जनावरांसह वॉटर पार्क उभा करायचा तर निम्मं काम हे असं यादी खोडण्याचं असतं, आणि ते खोदकामाच्या आधी झालेलं बरं.

डॉल्फिनचा विषय २०१३ मध्येच संपलेला आहे. त्या वर्षी मे महिन्यात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डॉल्फिनच्या खेळांना परवानगी देऊ नये असं राज्यांना कळवलं. पोपट, मोर, देशी कासवं यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. असे प्राणी लोकांना दाखवायला ठेवले की ते प्राणिसंग्रहालय ठरतं, आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय ते चालवता येत नाही. मकाव परदेशी पक्षी असला तरी मोकळीक नाही, २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी लागते. ससे आम्ही कायद्यासाठी नाही, उन्हासाठी वगळले. सशाला घाम येत नाही, तिशीच्या पुढे पारा गेला की तो धापा टाकायला लागतो, आणि नागपुरात मे महिन्यात पंचेचाळीस ही नवलाई नाही. फिश स्पाचं पाणी निर्जंतुक करायला क्लोरीन घातलं तर मासे मरतात, न घातलं तर एकाच्या पायाचा जंतू दुसऱ्याला लागतो. तिथे मधला मार्गच नाही.

राहिली ती पाळीव जनावरं: चार नागपुरी म्हशी, वासरासह दोन गवळाऊ गाई, आठ बेरारी शेळ्या, तीस बदकं. आमच्या मते हीच निवड सरस आहे. तलवारीसारखी मागे खांद्यापर्यंत गेलेली नागपुरी म्हशीची शिंगं शहरातल्या किती मुलांनी जवळून पाहिलेली असतात? शिवाय म्हशीला पाणी लागतंच. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे उन्हाळ्यात डुंबणं हा तिचा खेळ नसून गरज आहे. पार्कात पाण्यात दाखवायला याहून योग्य जनावर विदर्भात नाही.

आता खरा प्रश्न. एकाच आवारात माणसं पाण्यात उतरतात आणि जनावरंही. या दोन पाण्यांची गाठ कुठेही, कशीही पडता कामा नये. पुढचे तीन महिने आमचं जवळजवळ प्रत्येक काम या एका वाक्याभोवती फिरलं.

कारण क्रिप्टोस्पोरिडियम. लहान वासरांना आणि करडांना हगवण लावणारा हा परजीवी. आजारी वासराच्या शेणातून त्याच्या कोट्यवधी बीजपुटी बाहेर पडतात आणि त्यातल्या मोजक्या पोटात गेल्या तरी माणूस आजारी पडतो. तलावातले बहुतेक जंतू १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) क्लोरीनमध्ये काही मिनिटांत मरतात, हा मात्र आठवडाभर टिकतो. मारायचा तर २० पीपीएम क्लोरीन किमान पावणेतेरा तास राखावं लागतं, म्हणजे तलाव तेवढा वेळ बंद. शेळीला हात लावून आलेलं मूल तसंच घसरगुंडीवर गेलं, आणि खाली पाण्यात एक घोट गिळला, एवढं पुरतं.

म्हणून फिरण्याचा मार्ग एकाच दिशेचा ठेवला. आधी पाणी, मग अंघोळ आणि कोरडे कपडे, मग जनावरं, मग हात धुऊन थेट बाहेर. जनावरांकडून तलावाकडे परत येणारी वाटच नाही. मालकांना हे सुरुवातीला पटेना. लोकांना हवं तसं फिरता यावं, मधल्या वेळेत मुलांनी बदकं पाहावी, असं त्यांचं म्हणणं. त्यावर तोड म्हणून तलावाच्या बाजूने म्हशींच्या डुंबणीकडे तोंड केलेला एक उंच ओटा बांधला. तिथून दिसतं, पण हात पोचत नाही. तीन महिन्याचं होईपर्यंत वासरू कोणाच्याच हाताला लागू द्यायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

जागेचा उतार पूर्वेकडे होता आणि नागपुरात उन्हाळ्यातला वारा पश्चिम आणि वायव्येकडून येतो, त्यामुळे गोठा पूर्वेला, उतारावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला घेतला. उलट केलं असतं तर शेणाचा वास आणि माश्या दिवसभर लाटांच्या तलावावर आल्या असत्या, आणि पहिल्या वळवाच्या सरीत गोठ्याचं धुवण तलावात. दोन बाजूंच्या मध्ये साठ सेंटिमीटर खोल चर खणून त्याला वेगळा उतार दिला. रेन डान्सचा मंच जनावरांपासून सगळ्यांत लांबच्या टोकाला, आणि स्पीकरचं तोंड पश्चिमेला. कर्कश आवाजात म्हैस पान्हा चोरते, बदकं अंडी द्यायची थांबतात. हे गवळ्याला सांगावं लागत नाही, ध्वनियंत्रणा लावणाऱ्याला मात्र लेखी द्यावं लागतं.

लाटांचा तलाव ४० मीटर लांब, २० मीटर रुंद, शून्यापासून १.८ मीटरपर्यंत उतरत जाणारा. म्हणजे ७२० घनमीटर, सात लाख वीस हजार लिटर. काळ्या मातीत अशी टाकी सरळ बसवली तर माती पावसात फुगून आणि उन्हाळ्यात आटून ती तडकवते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदून बाजूंनीही मुरुमाचाच भराव घेतला. भराव घालण्याआधी टाकी भरून पाहायची. नंतर गळती सापडली तर भिंत उघडी करायला सगळं पुन्हा उकरावं लागतं.

गळती की बाष्पीभवन, हे कळायला एक साधी बादली पुरते. ती पायरीवर ठेवायची, आत बाहेरच्या पातळीइतकंच पाणी, दोन्हीकडे खूण, आणि २४ तास थांबायचं. पहिल्या चाचणीत बादलीत ११ मिलिमीटर उतरलं, तलावात १४. फरक ३ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतो, पण ८०० चौरस मीटरवर तो रोजचे २,४०० लिटर होतो. शोधताना भिंतीकडे बघत बसू नये. पाणी बहुतेक वेळा पाइप भिंतीतून जिथे आरपार जातो तिथून पाझरतं. इथेही तेच निघालं, दोन जागी पाइपाभोवती काँक्रीट नीट बसलं नव्हतं.

पाणी बोअरचं. पश्चिम नागपूरच्या बेसाल्ट खडकातलं, कठीण. पहिल्यांदा भरून क्लोरीन घातलं आणि अर्ध्या तासात पाणी चहासारखं झालं. हे पाणी खराब झाल्याचं लक्षण नाही. विरघळलेलं लोह क्लोरीनने गंजून बाहेर पडतं. घाबरून पाणी सोडून देऊ नये. तुरटीच्या जातीचं पीएसी घालून पंप बंद ठेवला, रात्रभर गाळ बसू दिला, सकाळी तळाचा गाळ ओढून थेट बाहेर टाकला, आणि गाळण्यांतून उलट दिशेने पाणी सोडून त्या धुतल्या. दोन फेऱ्यांत पाणी निळं झालं. कठीण पाण्याला कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर रोज घालत राहिलं तर कठीणपणा आणखी चढतो आणि पाइपांत, घसरगुंडीच्या सांध्यांवर पांढरा थर धरतो. म्हणून रोजच्या मात्रेसाठी द्रवरूप सोडियम हायपो, पावडर फक्त अडीअडचणीला. हिशेब साधा: ७२० घनमीटरला १ पीपीएम चढवायला ६५ टक्क्यांची पावडर साधारण १.१ किलो. द्रव हायपो उन्हात ठेवला तर काही आठवड्यांत निम्मा दम जातो, त्यामुळे त्याची खोली उत्तरेच्या भिंतीला, कूलर लावून, आणि साठा दहा दिवसांपेक्षा जास्तीचा नाही.

दोन तासांत सगळं पाणी एकदा गाळून निघावं असं धरलं तर ताशी ३६० घनमीटर होतात. १.८ मीटर व्यासाच्या पाच वाळूच्या गाळण्या त्याला पुरतात, पण काठोकाठ. यातली एक उलटी धुवायला काढली की उरलेल्या चारांतून पाण्याचा वेग ताशी २८ वरून ३५ मीटरवर जातो आणि मळ वाळूतून आरपार निघतो. सहावी गाळणी हा खर्च वाचवण्याचा मामला नाही. एक गाळणी धुवायला सुमारे साडेआठ हजार लिटर जातात. हे क्लोरीनचं पाणी जनावरांच्या बाजूला जाऊ नये म्हणून वेगळ्या टाकीत सोडलं, तिथे गाळ खाली बसतो, दोन दिवसांच्या उन्हात क्लोरीन उडतं, मग ते झाडांना. बदकांच्या तळ्यात ते एकदा जरी गेलं असतं तर आधी डास खाणारे गप्पी मासे उलटे झाले असते.

नागपूरच्या दुपारी क्लोरीन टिकवणं ही वेगळीच कसरत आहे. उघड्या उन्हात पाऊण तासात ते निम्म्यावर येतं. सायन्युरिक आम्ल ३० ते ५० पीपीएम ठेवलं तर ते झाकणासारखं काम करतं, आणि मोठ्या तलावात आम्ही तेच केलं. लहान मुलांच्या तळ्यात मात्र नाही. त्याच आम्लामुळे क्लोरीनची मारक शक्ती मंदावते, आणि शी-शूचा धोका तिथेच जास्त. त्या तळ्यावर शेडनेट घातलं, पाणी अर्ध्या तासात एकदा पूर्ण गाळलं जाईल असे पंप बसवले, आणि वाटेत अतिनील दिव्याचा संच. क्रिप्टोला क्लोरीन हटवत नसलं तरी हा दिवा निकामी करतो. जनावरांच्या शेजारी मुलांचं तळं असेल तर हा संच ऐच्छिक मानू नये.

क्लोरीनची मोजणी डीपीडी या रंग दाखवणाऱ्या गोळ्यांनी, दुपारी दर तासाला. यात एक फसवी जागा आहे. क्लोरीन फार जास्त झालं तर गोळीचा गुलाबी रंग उमटून लगेच विरतो आणि नळी पांढरी दिसते. नवा माणूस समजतो की क्लोरीन शून्य आहे, आणि आणखी ओततो. पांढरी नळी दिसली की नमुन्यात नऊ भाग साधं पाणी मिसळून पुन्हा मोजायचं, मगच हात हलवायचा. दुसरं, ‘क्लोरीनचा वास येतोय, जास्त झालंय’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुधा ते कमी पडलेलं असतं. डोळे चुरचुरवतात ते घाम-लघवीशी बांधलं गेलेलं क्लोरीन.

सगळ्यांत धोक्याची जागा वीज जाण्याची. मुख्य पंप बंद पडतो, पण हायपो आणि पाण्याचा सामू (पीएच) उतरवायचं आम्ल सोडणारे छोटे पंप जनरेटरवर चालूच राहतात. दोन्ही रसायनं पाइपात एकत्र साठतात, विषारी वायू तयार होतो, आणि मुख्य पंप सुरू होताच तो मुलांच्या तोंडासमोर बाहेर पडतो. उपाय एकच: पाइपात पाणी वाहत असल्याशिवाय छोटे पंप सुरूच होणार नाहीत अशी जोडणी, आणि ती जोडणी रोज सकाळी मुद्दाम वीज तोडून तपासणं. आम्ही ती उद्घाटनाआधी सतरा वेळा तपासली, त्यात दोनदा प्रवाह ओळखणारी पट्टी क्षाराने चिकटलेली सापडली. कठीण पाण्याची ही आणखी एक देणगी.

घसरगुंड्यांबद्दल थोडक्यात. सांधा नेहमी खालच्या दिशेने उतरता हवा, वर उचललेली कड बोटाला कळते पण डोळ्याला नाही, म्हणून प्रत्येक सांध्यावरून नायलॉनचा मोजा फिरवायचा. मोजा अडकला तिथे घासायचं. आधी वाळूची पोती, मग हलकी, मध्यम आणि जड अशी माणसं. दुपारी दोनला लोखंडी जिन्याच्या पायऱ्यांवर अनवाणी पाय टेकत नाही, त्यावर काथ्याच्या पट्ट्या आणि बारीक फवारा. मंगळसूत्र, ओढणी, सुती साडी पाण्याबाहेर. गळ्यातलं अडकतं आणि सुती धागे गाळणीत जाऊन बसतात. तळातून पाणी ओढणाऱ्या पाइपाला कायम दोन तोंडं, एकमेकांपासून मीटरभर तरी लांब, म्हणजे एकावर कोणी बसलं तरी शरीर ओढलं जात नाही.

जनावरं उद्घाटनाच्या ४५ दिवस आधी आणली. त्यातले ३० दिवस वेगळ्या गोठ्यात. क्षयाची त्वचेची चाचणी (तिचा निकाल ७२ तासांनी वाचतात), ब्रुसेलोसिससाठी रक्त, शेणाची तपासणी, जंतनिर्मूलन. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी, शेळ्यांना पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार यांच्या लसी. लसी एकाच दिवशी सगळ्या ठोसू नयेत, आणि शेवटची लस ते उद्घाटन यात दोन आठवडे तरी हवेत. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सवर आहे आणि माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, मुख्यालयही याच शहरात, त्यामुळे तपासण्यांसाठी लांब जावं लागत नाही. ही सोय प्रत्येक शहराच्या नशिबी नसते.

म्हशींची डुंबणी ८ बाय ६ मीटर, पाऊण मीटर खोल, उतरायला खडबडीत फरशीचा उतार. गुळगुळीत फरशीवर म्हैस घसरली की खुबा जातो. पाणी रोज अर्धं बदलायचं, ते गोठ्यामागच्या नेपियर गवताला. बसायला वाळूचा थर, चिखल नको, चिखलात गोचीड आणि खुरांचे आजार वाढतात. कठड्यापासून जनावरापर्यंत दीड मीटर अंतर, कारण नागपुरी म्हैस माशी हाकलायला नुसती मान वळवते तेव्हाही शिंग मोठा घेर घेतं. सकाळी ११ ते ४ म्हशी पाण्यात, गाई-शेळ्या ओल्या गोणपाटाच्या पडद्यांआड. लोकांना शिवायला फक्त शेळ्या, तेही ४ नंतर. प्यायला म्हशीमागे रोज ८० लिटर धरले होते, एप्रिलअखेर ते कमी पडले.

बदकांवर आम्ही सगळ्यांत जास्त डोकं खपवलं. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्याच गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि पुढच्या महिन्यात निदान बर्ड फ्लूचं निघालं. रानपक्षी, कोंबडीचं मांस, बूट, कशातूनही तो शिरतो. बदकांच्या तळ्यावर पूर्ण जाळं घातलं, बगळे-कावळे उतरू नयेत म्हणून. धान्य उघड्यावर नाही. कर्मचाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांना बदकांचं काम नाही. आणि आवाराभोवती एक किलोमीटरमध्ये कोणाकडे कोंबड्या आहेत याची यादी केली, कारण तिथे रोग निघाला तर त्या पट्ट्यातले पाळीव पक्षी नष्ट केले जातात, आपलेही. उन्हाळ्यात उथळ, सडक्या पाण्यात बदकांना बोटुलिझम होतो, माना टाकतात. म्हणून तळ्यात हवा सोडणारा छोटा पंप, आणि मेलेला कोणताही जीव दिसला की तासाभरात बाहेर.

कर्मचारी दोन गटांत तोडले. तलावाकडचे निळे बूट, गोठ्याकडचे काळे. दारात जंतुनाशकाचं भांडं ठेवून भागत नाही. शेण लागलेला बूट बुडवला तर शेणच औषध खाऊन टाकतं. आधी ब्रश आणि पाणी, मग औषध.

हात धुण्याच्या जागेने मात्र हिशेब चुकवला. चाचणीच्या तीन दिवसांत १५०, ३०० आणि ६०० माणसं घेतली. तिसऱ्या दिवशी चारनंतर सगळे एकदम शेळ्यांकडे आले आणि नळांपुढे रांग लागली, रांग लागली की माणसं न धुता निघतात. साबणासकट एकाला ४० सेकंद, म्हणजे एका नळाला तासात ९० जण. सहा नळ होते, म्हणजे ५४० जण. चौदा केले, त्यातले पाच मुलांच्या उंचीला, जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर. सॅनिटायझरच्या बाटल्या काढून टाकल्या. त्या क्रिप्टोला मारत नाहीत, आणि दिसल्या की लोक साबण टाळतात.

उद्घाटन धुळवडीनंतर आठ दिवसांनी घेतलं. धुळवडीच्या आसपास उघडलं तर केसांतला रंग पहिल्याच दिवशी गाळण्या भरून टाकतो. फटाके नाहीत, फुगे नाहीत, ढोल-ताशा गेटच्या बाहेर. तरी एक गोष्ट निसटली. पाहुण्यांचे झेंडूचे हार कठड्यावर ठेवले गेले आणि दोन शेळ्यांनी दोऱ्या-बेगडासकट ओढले. दोरा पोटात गेला तर तो आत अडकून बसू शकतो. तोंडातून काढता आला, आणि त्या दिवसापासून हार-तुरे तपासणीच्या टेबलापुढे येत नाहीत. भाकरी, बिस्किटं, प्रसाद हेही नाही. धान्याचं खाणं जास्त झालं की शेळीचं पोट आंबतं. खाऊ आमच्याकडचाच, कागदी पुडीत ५० ग्रॅम लसूणघास, आणि दिवसाच्या पुड्या संपल्या की संपल्या.

लाटांच्या तलावात माणशी चार चौरस मीटर धरून लाटा चालू असताना २०० जण, त्यावर शिटी. जीवरक्षकांनी दहा सेकंदांत आपला टापू नजरेखाली घालायचा आणि वीस सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोचायचं. पंचेचाळीसच्या उन्हात ही नजर वीस मिनिटांपलीकडे टिकत नाही, म्हणून वीस मिनिटांनी पाळी बदल, सावलीची खुर्ची, ओआरएस.

पहिला जोराचा वळीव जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. गडगडाट ऐकू येताच सगळे पाण्याबाहेर, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत कोणी नाही. पाऊस थांबल्यावर मधल्या चरात उतरून पाहिलं. गोठ्याकडचं पाणी गढूळ, तलावाकडचं स्वच्छ, चर दोन्हींना वेगळं नेत होता. फक्त एका जागी उंदरांनी मुरूम पोखरून बोटभर वाट केली होती. ती त्याच संध्याकाळी काँक्रीटने बुजवली, आणि लहान मुलांच्या तळ्याचं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद ठेवलं. टाक्या मात्र पावसाळ्यात रिकाम्या करायच्या नाहीत. काळ्या मातीत पाणी चढलं की रिकामी टाकी खालून उचलली जाते. जुलै ते सप्टेंबर त्या भरलेल्याच राहतील, पंप दिवसाला चार तास.